मोटारीची नाडीपरीक्षा

चौकांत तांबडा दिवा लागतो. रांगेंतील सगळ्या गाड्या थांबतात. त्यांत एक जुनी फियाट असते. तिचें इंजिन क्षणभर समाधानानें गुणगुणतें, मग त्याचा स्वर वरखालीं होऊं लागतो, सारी गाडी हिंव भरल्याप्रमाणें थरथरते, आणि दोन आचके देऊन इंजिन गप्प होतें. इतक्यांत दिवा हिरवा होतो. मागून भोंगे वाजूं लागतात. चालक घाईनें किल्ली फिरवितो, कपाळावरचा घाम पुसतो, पुन्हां किल्ली फिरवितो. मागच्यांपैकीं कोणी तरी "भंगारांत घाला ती!" असा फुकटचा सल्ला देऊन बाजूनें निघून जातो.

या प्रसंगांतील चमत्कारिक गोष्ट अशी कीं, हीच गाडी पांच मिनिटांपूर्वीं रस्त्यानें उत्तम धांवत होती, आणि एकदां सुरू झाली म्हणजे पुन्हां उत्तम धांवणार आहे. धांवतांना तक्रार नाहीं; उभें राहतांना मात्र प्राण जातो. जें इंजिन चार माणसें व त्यांचें सामान घेऊन घाट चढतें, त्याला जागच्या जागीं उभें राहून श्वास घेण्याचें सोपें काम कां जमूं नये? श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर जो नीट समजून घेईल त्याचे पुष्कळ पैसे वांचतील. आणि एखाद्या वेळीं पैशांहून मोलाचेंहि कांहीं वांचेल.

उदाहरणादाखल पद्मिनी ही गाडी घेणें सोयीचें आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीनें इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी बांधली. १९६४ पासून बनूं लागलेल्या फियाट ११०० डी या नमुन्यालाच पुढें १९७४ सालीं पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें कित्येक दशकें सेवा केली, आणि ती सेवा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. परंतु खासगी मालकांच्या दारांत ती अजूनहि उभी दिसते. चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन, इंजिनाच्याच गतीनें चालणारा पेट्रोलचा पंप, कार्बुरेटर आणि पॉइंटांचा डिस्ट्रिब्यूटर, एवढाच तिचा संसार. नव्या गाडींत जें काम संगणक करतो तें हिच्यांत चार-दोन स्क्रू, एक-दोन स्प्रिंगा व पितळेचे कांहीं बारीक जेट मिळून करतात. म्हणूनच हिचा आजार डोळ्यांनीं, कानांनीं व बोटांनीं ओळखतां येतो. येथें सांगितलेलें पुष्कळसें अँबॅसडरला व कार्बुरेटर असलेल्या कोणत्याहि जुन्या गाडीला लागू पडेल.

इंजिनाच्या श्वासाला एक दार असतें. त्यास थ्रॉटल म्हणतात. पायाखालची पट्टी दाबली कीं हें दार उघडतें, पाय काढला कीं तें जवळजवळ मिटतें. दार उघडें असतांना हवेचा मोठा झोत आंत शिरतो व वाटेंतील मुख्य जेटमधून पेट्रोल ओढून नेतो. दार मिटलें म्हणजे तेथें तेवढा झोत उरत नाहीं आणि मुख्य जेट मुका होतो. अशा वेळीं इंजिनाची उपजीविका एका वेगळ्या, अति अरुंद वाटेनें चालते. या वाटेवर जो जेट असतो त्याला मिस्त्री मंडळी स्लो जेट किंवा पायलट जेट म्हणतात. त्याचें भोंक अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास असतें. केसाएवढा कचरा त्यांत अडकला तरी पुरे.

आतां थोडें गणित करूं. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटाला सुमारें ८०० फेरे घेतें. प्रत्येक दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरांत एकदां ठिणगी पडते. म्हणजे चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला १,६०० ठिणग्या, सेकंदाला सुमारें २७. प्रत्येक ठिणगीच्या वेळीं तेथें पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण हजर असावें लागतें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा हें त्याचें स्थूल प्रमाण. गाडी वेगांत असतांना यांतील एखादी ठिणगी चुकली तर चाकांची गति व गाडीचें वजन ती चूक झांकून टाकतात. उभ्या गाडींत झांकणारें कोणी नसतें. समई मोठी असतांना वाऱ्याची जी झुळूक तिची ज्योत नुसती हालवते, तीच झुळूक वात बारीक केलेली असतांना ज्योत विझवून टाकते. मंद गतीनें अखंड चालणें, ज्यास आयडलिंग म्हणतात, तें इंजिनाचें विश्रांतीचें काम नव्हे. ती त्याची सर्वांत कठीण परीक्षा होय. हवा, पेट्रोल व वीज या तिन्ही विषयांत जेमतेम उत्तीर्ण होणारें इंजिन धांवण्याच्या परीक्षेंत निभावून जातें, पण या परीक्षेंत हटकून नापास होतें.

पुण्यांतील एका घरची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे. अशी हकीकत थोड्याफार फरकानें पुष्कळ घरांत घडत असते. घरांतील आजोबांनीं तरुणपणीं घेतलेली पद्मिनी. तिच्यांतूनच मुलाची वरात निघालेली, तिच्यांतूनच नात दवाखान्यांतून घरीं आलेली. गाडी चौकांत बंद पडूं लागली तेव्हां ती एका गॅरेजांत गेली. तेथें कार्बुरेटर काढून धुतला गेला, पुन्हां घट्ट बसविला गेला, आणि इंजिनाची मंद गति थोडी वाढवून देण्यांत आली. आठ दिवस गाडी बरी चालली. पुन्हां तेंच. दुसऱ्या गॅरेजांत नवा पंप बसला. चार दिवस बरे गेले. तिसऱ्या ठिकाणीं नवी कॉईल आली, नवे प्लग आले. पंधरा दिवस समाधानाचे गेले आणि मग एका रविवारीं कुटुंब साताऱ्याकडे निघालें असतां खंबाटकीच्या घाटांत, चढाच्या वळणावर, पुढची वाहतूक अडल्यामुळें गाडीला थांबावें लागलें. इंजिन बंद पडलें. मागें लांकडांनीं भरलेला ट्रक उभा होता. हँडब्रेक लागेपर्यंत गाडी हातभर मागें सरली, आणि मागच्या आसनावरील नात किंचाळली. कांहीं इजा झाली नाहीं. पण त्या संध्याकाळीं घरांत ठरलें कीं, आतां गाडी भंगारवाल्याला द्यायची. आजोबा कांहीं बोलले नाहींत. मुलाचें म्हणणें चुकीचें नव्हतें. जी गाडी वळणावर दगा देते तिच्यांत मुलाबाळांना बसवूं नये. त्यांनीं एवढेंच मागून घेतलें कीं, देण्यापूर्वीं एका म्हाताऱ्या मिस्त्रीला ती दाखवावी.

मिस्त्री आला. त्यानें पान्याला हात लावला नाहीं. तो विचारूं लागला.

"साहेब, गाडी बंद पडते म्हणजे कशी पडते?"

"कशी म्हणजे? बंद पडते!" आजोबा जरा त्रासून म्हणाले.

"तसें नव्हे. दिवा फुंकर मारून विझवावा तशी एकदम, कीं तेल संपलेल्या समईसारखी आचके देत?"

आजोबांनीं विचार केला. "आचके देत. आधीं थरथरते, मग जाते."

"थंड असतांना जास्त, कीं तापल्यावर?"

"दोन्ही वेळां. तापल्यावर थोडी अधिक."

"चोक जरासा ओढून धरला तर?"

"तर टिकते," आजोबा म्हणाले. आणि हें आपण आजवर कोणालाच सांगितलें नाहीं, हें त्यांच्या त्याच वेळीं ध्यानांत आलें. कोणी विचारलेंच नव्हतें.

वैद्य आधीं नाडी पाहतो, मग मात्रा देतो. या चार प्रश्नांनीं निम्मी नाडीपरीक्षा होते, म्हणून त्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. जें इंजिन चालतां चालतां एकदम, बटण दाबल्यासारखें बंद होतें, तेथें बहुधा विजेचा दोष असतो: सैल झालेली वायर, निकामी होत असलेली कॉईल, खराब कंडेन्सर. जें आचके देत, धापा टाकीत जातें तेथें बहुधा पेट्रोल कमी पडत असतें किंवा हवा जास्त होत असते. थंड असतांना बरें चालून तापल्यावर बंद पडणारें आणि अर्धा तास निवल्यावर मुकाट्यानें सुरू होणारें इंजिन कॉईल, कंडेन्सर किंवा पेट्रोलची वाफ यांच्याकडे बोट दाखवितें. आणि चोकचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चोक ओढला म्हणजे हवा कमी व पेट्रोल अधिक होतें. त्यानें जर इंजिन सांवरत असेल, तर त्याला आजवर मिळणारें मिश्रण पातळ होतें, हें सिद्ध झालें. मग प्रश्न दोनच उरतात: पेट्रोल कमी येतें आहे, कीं हवा कोठून तरी चोरवाटेनें आंत शिरते आहे? उलट, चोक ओढल्यावर इंजिन अधिकच गुदमरत असेल आणि धुराड्यांतून काळा धूर येत असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे. मग फ्लोटची सुई बसत नाहीं का, हवेचा फिल्टर धुळीनें भरला आहे का, चोकचें पातें पुरतें उघडतें का, हें पहावें.

मिस्त्रीनें मग जें केलें तें क्रमानें केलें, आणि हा क्रमच या भाषणाचें सार आहे. कार्बुरेटर सर्वांच्या शेवटीं. पुष्कळ लोक नेमकें याच्या उलट करतात. इंजिन कुरकुरूं लागलें कीं पेंचकस प्रथम कार्बुरेटरच्या स्क्रूवर जातो. वस्तुतः कार्बुरेटरवर येणारे पुष्कळसे आरोप दुसऱ्यांच्या अपराधांचे असतात.

पहिली पायरी नुसतें पाहण्याची. बॅटरीचीं टोकें घट्ट आहेत का, पेट्रोलची रबरी नळी चिरली आहे का, कोठें ओल किंवा वास आहे का. तेलाची कांडी काढून तिचाहि वास घ्यावा. इंजिनाच्या तेलास पेट्रोलचा वास येत असेल तर ज्या पंपाला मिस्त्री लोक ए. सी. पंप म्हणतात त्याचा पडदा फाटलेला असण्याचा संभव असतो, आणि अशी गाडी तेल बदलल्यावांचून चालवूं नये.

दुसरी पायरी विजेची. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून आंतून बाहेरून पुसावें आणि उजेडांत धरावें. त्यावर पेन्सिलीनें ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज त्या रेघेच्या आडवाटेनें पळत असते. पावसाळ्यांत तर हटकून. मग पॉइंट पहावे. ते पूर्ण उघडले असतां त्यांच्यामधील फट अर्ध्या मिलिमीटराहून थोडी कमी असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत असतो आणि तोच प्रमाण मानावा. ही फट डोळ्यांनीं नव्हे, फिलर गेजनें मोजावी. पॉइंटाच्या हातावर जो लहानसा तुकडा फिरत्या कॅमवर घांसत असतो तो झिजतो, आणि झिजतां झिजतां फट मिटत जाते. ठिणगी दुबळी होते, शिवाय ती उशिरां पडूं लागते. मधल्या दांड्याला बोटांनीं बाजूला हालवून पहावें. तो डुगडुगत असेल तर फट कितीहि बरोबर लावली तरी ती प्रत्येक फेऱ्यागणिक बदलत राहील, आणि इंजिनाचा स्वरहि तसाच वरखालीं होत राहील. या गाडींत दांडा ठीक होता. पण पॉइंटांमधली फट जेवढी हवी तिच्या निम्म्याहूनहि कमी होती. एक चोर सांपडला.

दुसऱ्या कोणास येथेंच समाधान वाटलें असतें. मिस्त्री थांबला नाहीं. कारण मिटलेल्या पॉइंटांनीं चोकच्या प्रश्नाचें उत्तर पुरतें मिळत नव्हतें. त्यानें फट नीट लावली, आणि दुसरें कांहींहि न बदलतां इंजिन सुरू करून ऐकलें. सुधारणा होती, पण थरथर पुरती गेली नव्हती. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर ऐकावें, हा नियम फार मोलाचा आहे. एकदम चार वस्तू बदलणाऱ्याला गाडी सुधारली तरी कशानें सुधारली हें कधींच कळत नाहीं.

तिसरी पायरी प्लगांची. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. तो काढून त्याचा रंग पहावा. फिकट तपकिरी असेल तर प्रकृति चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ. तेलकट ओला असेल तर सिलिंडरांत तेल चढतें आहे. येथें चारहि प्लग पांढुरके होते. एकटाच पांढुरका असता तर त्या एका सिलिंडराच्या बाजूची चोरवाट शोधावी लागली असती. चारहि सारखे म्हणजे चोरवाट चौघांच्या सामायिक रस्त्यावर, म्हणजे कार्बुरेटरच्या आसपास.

तरीहि मिस्त्रीनें आणखी एक खात्री करून घेतली. इंजिन चालूं असतां, जाड रबराची मूठ असलेल्या पकडीनें त्यानें एकेका प्लगची वायर क्षणभर सोडविली. प्रत्येक वेळीं इंजिन तितकेंच अडखळलें. म्हणजे चारहि सिलिंडर सारखा भार उचलीत होते. एखादी वायर काढल्यावर जर कांहींच फरक पडला नसता, तर तो सिलिंडर आधींपासूनच निजलेला आहे हें कळलें असतें; मग टॅपेटची फट, व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा आणि दाब यांची तपासणी ओघानेंच आली असती.

चौथी पायरी पेट्रोलची. ती थोडक्यांत होते, पण तिच्यांत एक गंमत आहे. टाकीच्या झांकणाला हवा आंत येण्यासाठीं एक बारीक भोंक असतें. तें बुजलें तर पेट्रोल जसजसें कमी होतें तसतशी टाकींत पोकळी होते, पंपाला ओढ पुरत नाहीं, आणि दहा-पंधरा मैल नीट चाललेली गाडी बंद पडते. झांकण उघडतांच सूं असा आवाज येतो आणि गाडी पुन्हां सुरू होते. या भोंकापायीं कित्येक चांगले पंप फेंकले गेले असतील. या गाडीचें झांकण ठीक होतें, फिल्टर स्वच्छ होता, आणि पंप तर नवाच होता.

पांचवी पायरी हवेची. मिस्त्रीनें एका वाटींत साबणाचें पाणी कालविलें, बारीक कुंचला घेतला, आणि इंजिन मंद चालूं ठेवून जेथें जेथें दोन भाग जोडलेले आहेत तेथें तेथें तो पाणी लावीत गेला: मॅनिफोल्डचा सांधा, थ्रॉटलच्या दांड्याचीं दोन्ही टोकें, आणि अखेर कार्बुरेटरच्या तळाचा सांधा. तेथें कुंचला लागतांच साबणाचा फेंस आंत शोषला गेला, आणि इंजिनाचा स्वर एकदम स्थिर झाला. दोन क्षणांत पाणी संपलें आणि थरथर परत आली. त्यानें पुन्हां कुंचला लावला. पुन्हां स्वर स्थिर. आजोबांनीं मुलाला हाक मारली. "ये, तूंहि ऐक." मुलानें येऊन ऐकलें. कांहीं लोक या कामासाठीं पेट्रोल शिंपडतात. तो शुद्ध आत्मघात आहे, तापलेल्या इंजिनावर तसें कधींहि करूं नये.

कार्बुरेटर खालीं उतरला. त्याच्या तळावर मिस्त्रीनें पोलादी पट्टी उभी धरली. दोन्ही कडांना पट्टी टेकत होती, आणि मध्यें उजेडाची बारीक फट दिसत होती. तळ वांकला होता. कशानें वांकला? कार्बुरेटरचें धड मऊ धातूचें असतें, आणि तो दोनच नटांनीं आवळलेला असतो. कोणी तरी कधीं तरी ते नट भक्कम बसावे म्हणून सारा जोर लावून आवळले होते. कडा खालीं गेल्या, मधला भाग उचलला गेला, आणि हवेला वाट मिळाली. म्हणजे आजार मूळचा असो वा नसो, उपचारानें तो वाढला होता.

मागच्या तीन दुरुस्त्यांनीं थोडे दिवस बरें कां वाटलें, याचाहि उलगडा झाला. पहिल्या वेळीं मंद गति वाढवून दोष झांकला गेला. थ्रॉटल जरा जास्त उघडलें म्हणजे चोरवाटेच्या हवेचें प्रमाण तुलनेनें कमी भासतें. दुसऱ्या वेळीं नव्या पंपानें कार्बुरेटरांतील पेट्रोलची पातळी किंचित् वर चढून मिश्रण थोडें दाट झालें असावें. तिसऱ्या वेळीं नव्या प्लगांच्या चांगल्या ठिणगीनें पातळ मिश्रणहि पेटूं लागलें; पण पॉइंट मिटत गेले तशी ती ठिणगी पुन्हां मलूल झाली. तिघांपैकीं कोणी लबाड होता असें नव्हे. प्रत्येकानें औषध दिलें. रोग कोणी विचारला नाहीं.

पुढचें काम सोपें होतें. जाड सपाट कांचेवर पॉलिश पेपर पसरून, त्यावर कार्बुरेटरचा तळ सावकाश घांसून सपाट केला गेला, आणि सर्व धूळ काळजीपूर्वक धुऊन काढली गेली. नवें गॅस्केट घातलें. नट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळले. स्लो जेट काढून हवेच्या झोतानें साफ केला. तारेनें नव्हे, कारण तार भोंक मोठें करते. इंजिन चांगलें तापल्यावर, आणि मगच, कार्बुरेटरच्या दोन स्क्रूंना हात लागला. मिश्रणाचा स्क्रू फिरवून जेथें इंजिन सर्वांत वेगानें व सर्वांत समान चालतें तें स्थान शोधावें; मग थ्रॉटलच्या स्क्रूनें गति हवी तेवढी खालीं आणावी; आणि हें दोनदां करावें. इंजिनाच्या झांकणावर मिस्त्रीनें पाण्यानें भरलेला पेला ठेवला. पाण्यावर बारीक लहरी होत्या, पण थेंब सांडला नाहीं.

आतां आजच्या काळच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली नव्या पेट्रोलची. इथेनॉल २० टक्के मिसळलेलें पेट्रोल भारतांत २०२३ पासून विक्रीस आलें, आणि २०२५ सालापर्यंत तें सर्वत्र पसरलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु मूळचाच असतो. त्यामुळें अशा पेट्रोलाला जळण्यास हवा थोडी कमी लागते, पंधराच्या जागीं सुमारें साडेतेरा भाग. नव्या गाडीचा संगणक हें ओळखून पेट्रोल वाढवितो. जुन्या कार्बुरेटरचे जेट मात्र ठरलेल्या मापाचेच असतात. म्हणून तीच गाडी, तेच स्क्रू, तरी मिश्रण पातळ होतें, आणि त्याची पहिली तक्रार मंद गतींत उमटते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाहीं, ओलावा शोषून घेतें, आणि टाकींतला जुना थर सोडवून फिल्टरकडे पाठवितें. तेव्हां जुन्या गाडीच्या नळ्या अशा पेट्रोलास टिकणाऱ्या रबराच्या घ्याव्या, फिल्टर वरचेवर पहावा, आणि गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवूं नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. उन्हाळ्यांत घाट चढून आल्यावर थांबलेल्या गाडींत पंपांतील व नळींतील पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ढकलूं शकत नाहीं. येथें दुरुस्ती नव्हे, धीर हवा. बॉनेट उघडून गाडी निवूं द्यावी, पंपावर ओलें फडकें ठेवावें. जुने टॅक्सीवाले हें फडकें जवळच बाळगीत. पण हाच प्रकार हिंवाळ्यांतहि होऊं लागला तर त्याला वाफेचें नांव देऊं नये. दोष दुसरीकडे आहे.

कांहीं सावधगिरीच्या सूचना येथेंच द्याव्या लागतात. बंद खोलींत इंजिन चालूं ठेवून तपासणी करूं नये. धुराड्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाला झोपेंतच नेतो. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावूनच पुढें वांकावें. उपरणें, पदर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. आणि बंद पडण्याच्या भीतीनें मंद गति वाढवून गाडी वापरीत राहूं नये. तो उपाय नव्हे, झांकण आहे; पेट्रोल जातें, ब्रेक झिजतात, आणि मूळ दोष झांकणाखालीं वाढत राहतो.

रेल्वेच्या फाटकांतच गाडी बंद पडली तर प्रथम माणसें खालीं उतरवून रुळांपासून दूर न्यावींत. गाडीचा विचार मग. दोन्ही बाजूंस गाडीचें चिन्ह नसेल, वेळ असेल, आणि बॅटरींत दम असेल, तर पहिला गिअर घालून, क्लच सोडून किल्ली फिरवावी. अशा जुन्या गाड्या नुसत्या स्टार्टरच्या जोरावर कांहीं हात पुढें सरकतात, आणि तेवढे हात कधीं कधीं पुरे होतात.

पुण्याच्या त्या घरीं मिस्त्रीनें जें बिल दिलें त्यांत एक गॅस्केट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी होती. मुलगा त्या कागदाकडे पाहून म्हणाला, "बाबा, आधींच्या तीन बिलांची बेरीज करूं का?"

"नको," आजोबा म्हणाले. "ती आपल्या न विचारण्याची फी समज."

गाडी लगेच साताऱ्याला गेली नाहीं. मुलानें अट घातली आणि ती योग्यच होती: एक महिनाभर ती शहरांतच चालवायची, रोजच्या रोज कोठें थांबली, कशी थांबली याची वहींत नोंद करायची, आणि महिन्यांत एकदां जरी बंद पडली तरी घाटाचें नांव काढायचें नाहीं. आजोबांनीं वही घातली. महिनाभर तिच्यांत तारखांपुढें "ठीक" एवढाच शब्द होता; एके दिवशीं मात्र "फाटकापाशीं दहा मिनिटें उभी, इंजिन चालूं ठेवलें, ठीक" असें लिहिलें होतें. त्या नोंदीसाठीं ते मुद्दाम फाटकापर्यंत गेले होते, हें त्यांनीं घरीं सांगितलें नाहीं. पण मुलाला तें समजलें.

प्रत्येक जुनी गाडी वांचेलच असें नाहीं. ज्या इंजिनाचा दाबच गेला आहे, ज्या गाडीचें धड गंजलें आहे, तिला वेळेवर निरोप देणें हेंच शहाणपण. परंतु निकाल देण्यापूर्वीं साक्ष घ्यावी, आणि साक्ष घेण्यापूर्वीं नीट प्रश्न विचारावे. गाडी कशी बंद पडते, केव्हां पडते, चोकनें सांवरते का, हीं उत्तरें मालकाजवळच असतात. तीं एका कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातीं दिलीं, तर निम्मी दुरुस्ती पाना हातांत घेण्यापूर्वींच झालेली असते.